वर्गणी देऊनही कनेक्शन तुटतात: नागपुरातल्या केबल-नेटवाल्याने वस्तीशी आणि ग्राहकाशी कसं वागावं?

मानेवाडा_नेट

नमस्कार मंडळी. मानेवाडा-बेसा पट्ट्यात एलसीओचं, म्हणजे वस्तीत केबल-नेट पुरवणाऱ्या स्थानिक ऑपरेटरचं काम आहे. नेटचे साधारण ६४०, केबलचे ३८० कनेक्शन. दोन लाईनमन, वसुलीला एक पोरगा, फोन घरचेच लोक उचलतात.

पोळा-गणपती-दुर्गा असा सीझन लागला की दर आठवड्याला कोणी ना कोणी पावतीबुक घेऊन उभं. बॅनरवर नाव येतं, पण त्याच गल्लीतली घरं मोठ्या कंपनीच्या 'तीन महिने फुकट'वर निघून जातात. जूनमध्ये वादळ आलं की एका संध्याकाळी पन्नास-साठ फोन, अर्धे उचललेच जात नाहीत.

विचारायचं ते असं. वादळाच्या दिवशी फोन कसे सांभाळायचे? मंडळांना रोख सोडून काय देता येईल? वस्तीतल्या अभ्यासिकेला फुकट नेट द्यायचं म्हणतो, त्यात कायद्याची काही अडचण? आणि नेट बंद राहिलं तर दिवस वाढवून द्यावेत का, की सवय लागते लोकांना?

---

फायबरभाऊ

आधी फोनचं बघू. तुमची कनेक्शन तिथं तुटताहेत, मंडपात नाही.

वादळानंतर साठ फोन आले तरी बिघाड बहुतेक वेळा दोन किंवा तीनच असतात. म्हणून पहिला फोन उचलायच्या आधी ओएलटीचं (तुमच्याकडचं, सगळ्या घरांना फायबरने सिग्नल पाठवणारं यंत्र) पान उघडा. एकच ओएनयू (ग्राहकाच्या घरातला फायबरचा डबा) बंद असेल तर त्या घराचा ड्रॉप, म्हणजे खांबापासून घरापर्यंतची केबल, किंवा अडॅप्टर. एका स्प्लिटरवरचे (एक फायबर आठांत वाटणारा भाग) आठही बंद असतील तर स्प्लिटरच्या मागची केबल. ओएलटीचा पूर्ण पॉन पोर्ट झोपला असेल तर फीडर, म्हणजे तिथून निघणारी मुख्य केबल, नाहीतर एसएफपी, म्हणजे पोर्टमध्ये बसणारा प्रकाशाचा मॉड्यूल. त्याच यादीत बंद पडण्याचं कारण दिसतं: 'डाइंग गॅस्प' असेल तर ओएनयूची वीज गेली, 'एलओएस' असेल तर प्रकाशच पोहोचत नाही. वीज जाताना कपॅसिटरमध्ये उरलेल्या चार्जवर ओएनयू जो शेवटचा निरोप पाठवतो तो डाइंग गॅस्प. स्वस्तातले काही ओएनयू तो पाठवतच नाहीत. तिथं वेळ बघा: एका गल्लीतले सगळे एकाच सेकंदाला गेले असतील आणि शेजारच्या गल्लीचे चालू असतील, तर लाईनमन पाठवण्याआधी तिथं वीज आहे का ते विचारा.

फोनवर बसणाऱ्याने एकच प्रश्न नीट विचारायचा, दिवे कोणते लागलेत? एकही नाही, तर अडॅप्टर किंवा बोर्ड. पॉन स्थिर हिरवा आणि तरी नेट नाही, तर लॉगिन, रिचार्ज किंवा राऊटरचं सेटिंग. एलओएस लाल लुकलुकतोय, तर फायबर. लाल दिव्यावर ग्राहकाला 'बंद करून चालू करा' असं चारदा सांगू नका, त्याने काही होत नाही, राग मात्र वाढतो. त्याऐवजी घरात आज रंगकाम, साफसफाई किंवा कूलर हलवणं झालं का ते विचारा. टीव्हीच्या मागे पिवळा पॅचकॉर्ड दाबला गेलेला असतो. कनेक्टर मात्र ग्राहकाला काढायला लावू नका. टोकाला बोट लागलं की धूळ-तेल बसतं आणि साधा बिघाड पक्का होतो.

बाकीचे पन्नास फोन एका मेसेजने थांबतात. तो असा लिहा: 'हुडकेश्वर रोड, गल्ली ३ ते ७. रस्त्याच्या कामात केबल तुटली आहे. लाईनमन जागेवर आहे. पुढची माहिती ४.३० वाजता.' नेट कधी सुरू होईल ते नाही, पुढची माहिती कधी मिळेल ते सांगायचं, आणि साडेचारला काहीच नवं नसलं तरी मेसेज टाकायचाच. 'अर्ध्या तासात होईल' म्हणून तीन तास लावणं हे बिघाडापेक्षा जास्त ग्राहक घालवतं.

तीन तास का लागतात तेही लोकांना सांगत जा. सिमेंट रोडच्या कामात जेसीबी केबल कापत नाही, ओढतो. त्यामुळे कोर (केबलच्या आतले काचेचे धागे) दिसणाऱ्या तुकड्याच्या आतही काही मीटरवर तडकलेले असतात. दोन्ही बाजूंनी ओटीडीआर (फायबर कुठं तुटलंय ते दाखवणारं यंत्र) लावून बघावं लागतं, मग मधला तुकडा टाकून दोन जोड. २४ कोरची केबल म्हणजे ४८ स्प्लाइस (कोरचे जोड). जोडावरची स्लीव्ह भाजण्यासकट एकाला चार मिनिटं धरली तरी सव्वातीन तास नुसते मशीनवर. म्हणून चालू पॉनचे कोर आधी जोडा, स्पेअर कोर नंतर. कोणत्या रंगाचा कोर कोणत्या पोर्टला आहे हे वहीत नसेल तर ही सोय तुम्हाला नाही.

'कॉल बिफोर यू डिग' हे सरकारी ॲप मार्च २०२३ पासून आहे, पण तुमच्या आयएसपीने (ज्या कंपनीचं नेट तुम्ही पुरवता तिने) मार्ग त्यात नोंदवला असेल तरच खोदणाऱ्याचा निरोप पोहोचतो. नोंदवून घ्या. त्यावर विसंबून मात्र राहू नका. काम सुरू होताना ठेकेदाराच्या साइट इंजिनिअरला गाठून केबलची लाईन रंगाने मारून द्या, नंबर द्या.

आता वीज. हल्ली बऱ्याच घरी इन्व्हर्टर आहे. लाईट जाते, ग्राहकाचा राऊटर चालू, आणि तुमच्या नोडला (ओएलटी ठेवलेल्या जागेला) बॅकअप नाही म्हणून नेट बंद. यासारखा चिडवणारा प्रकार नाही. ओएलटी आणि स्विच मिळून समजा ६० वॅट खातात. १२ व्होल्ट १५० एएचची बॅटरी १८०० वॅट-तास. तिचा ७० टक्के वापर आणि इन्व्हर्टरची नासाडी धरली तर हजाराच्या आसपास हाती येतात, म्हणजे पंधरा-सोळा तास. बॅटरी मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवाल तर पाणी उडून हा आकडा निम्म्यावर येईल. दर महिन्याला पाणी बघा आणि एकदा खरंच मेन बंद करून चालवून बघा.

शेवटचं, पॉवर, म्हणजे फायबरमधल्या प्रकाशाचा जोर. तो डीबीएममध्ये मोजतात आणि प्रत्येक टप्प्यावर काही डीबीने घटतो. ओएलटी +४ डीबीएम देतो, १:८ वर १:८ असे दोन स्प्लिटर (प्रत्येकी साडेदहा), तीन किमी फायबरचा एक, कनेक्टर-जोडांचे अडीच. घरी पोहोचतात उणे २०-२१. जीपॉनचा, म्हणजे या फायबर पद्धतीचा ओएनयू बहुधा उणे २७ ला हात टेकतो. नवीन कनेक्शन उणे २५-२६ ला सोडून आलात तर आज नेट चालेल, पण उन्हाळ्यात फास्ट कनेक्टरमधली जेल सुकली की दोन-तीन डीबी जातील आणि ऐन उन्हात 'नेट येतं-जातं' सुरू होईल. उणे २४ च्या खाली कनेक्शन सोडायचं नाही असा नियम करा. खांबावरच्या बॉक्समध्ये केबल खालून घ्या, वरून घेतली की पहिल्याच पावसात पाणी आत.

---

इतवारी_लाईन

मंडळांचं मी सांगतो. बॅनर कोणी वाचत नाही भाऊ. वस्तीला तुमच्याकडून पैशापेक्षा तुमची शिडी, केबल आणि माणूस जास्त उपयोगी पडतो.

आमच्याकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मारबत निघते, म्हणजे मोठमोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. काळी-पिवळी मारबत आणि मागून बडगे (पुरुष पुतळे), सगळ्यांची उंची दरवर्षी वेगळी. इतवारी, महालच्या गल्ल्यांत लोंबणारी केबल असली की मिरवणूक थांबते, कोणीतरी बांबूने केबल उचलतो, जोर लागतो आणि अख्ख्या गल्लीचं नेट जातं. शिव्या तुम्हाला, मिरवणूक थांबली म्हणूनही आणि नेट गेलं म्हणूनही. रामनवमीच्या शोभायात्रेला तेच, चित्ररथावर माणसं उभी असतात.

करायचं काय: आठ-दहा दिवस आधी मंडळाकडं जाऊन यंदाची उंची विचारा आणि मार्ग पायी फिरा. आडव्या केबलींचा फोटो काढून कोणती कोणाची ते लिहा. दुसऱ्या ऑपरेटरची असली तर त्यालाही कळवा. ताण देऊन वर घेता येणारी घ्या. जिथं होत नाही तिथं ड्रॉप त्या दिवसापुरता एका टोकाने सोडून गुंडाळून ठेवा आणि त्या चार घरांना आदल्या दिवशी फोन करून सांगा. अशा क्रॉसिंगला बॉक्सपाशी पाच-सात मीटरचा फेरा ठेवलेला असला की दरवर्षी नवा जोड मारावा लागत नाही. खांब महावितरणचा असेल तर त्यांचा माणूस आल्याशिवाय शिडी लावायची नाही. स्टीलची तार असलेली केबल वीजवाहिनीला टेकली तर ती तारही जिवंत होते, आणि खाली ओली मिरवणूक असते.

हे काम फुकट करा, कारण केबल तुमचीच आहे. पण मंडळाच्या ग्रुपवर 'मार्ग तपासून झाला, या तीन ठिकाणी केबल वर घेतली' असा फोटोसकट निरोप टाका. पावतीपेक्षा याची किंमत जास्त होते.

मारबतीनंतर तीन-चार दिवसांतच गणपती. मंडळांना सीसीटीव्ही लावायला पोलीस सांगतात आणि त्यांच्याकडं नेट नसतं. रोख वर्गणीऐवजी हेच द्या: एक ओएनयू, एक पीओई स्विच (केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देणारा), विसर्जनापर्यंतचं कनेक्शन. चार कॅमेरे प्रत्येकी ३ एमबीपीएस धरले तर १२ एमबीपीएस अपलोड लागतो. लोक डाउनलोड बघून प्लॅन टाकतात आणि कॅमेरे अडकतात. याला वेगळा व्हीलॅन (बाकी नेटवर्कपासून वेगळा काढलेला भाग) द्या, म्हणजे मंडपातल्या स्विचवर कोणी पोरानं केबलचं दुसरं टोक त्याच स्विचमध्ये खुपसलं तरी डेटा गोल फिरत राहण्याचा तो लूप बाहेर येणार नाही. मंडपात ओएनयू जमिनीपासून उंच, डब्यात. ताडपत्रीची पन्हाळ बरोबर त्याच कोपऱ्यात सोडलेली असते. कनेक्शन अध्यक्षाच्या नावावर, ओळखपत्र घेऊन, ओएनयूची अनामत लिहून. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सामान परत.

आणि नियम सगळ्यांना एकच. एकाला पाच हजार आणि दुसऱ्याला पाचशे दिले की वर्षभर ऐकावं लागतं. 'आमच्या हद्दीतल्या प्रत्येक सार्वजनिक मंडळाला कॅमेऱ्यांपुरतं नेट, रोख कोणालाच नाही' हे श्रावणातच सांगून टाका. पहिल्या वर्षी कुरकुर होईल. तान्ह्या पोळ्याला लेकरांच्या लाकडी बैलांच्या सजावटीसाठी बक्षिसं द्यायची असतील तर बेलाशक द्या, तो खर्च थोडा असतो आणि लेकरासोबत आई-बाबा, आजी सगळेच येतात.

तुमच्याकडं लागू नसेल, पण दीक्षाभूमीच्या आसपास ज्यांचं नेटवर्क आहे त्यांनी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या वेळी एक लाईनमन आणि सामान आधीच आतल्या भागात ठेवावं. रस्ते गाड्यांना बंद झाले की लक्ष्मीनगरकडून स्प्लायसिंग मशीन घेऊन शिरणं अवघड जातं. पाण्याच्या आणि जेवणाच्या स्टॉलवाल्यांना पेमेंटसाठी नेट लागतं, तेही दोन दिवस आधीच जोडून चाचणी करून ठेवा.

---

नंदनवनकर

ग्राहक म्हणून दोन गोष्टी. नेट बंद असताना 'आपला रिचार्ज उद्या संपत आहे' हा मेसेज येतो तेव्हा डोकं फिरतं. बंद एरियाच्या नंबरांना त्या दिवशी आपोआप मेसेज जाणार नाहीत एवढं करा. आणि प्लॅन शनिवारी रात्री बाराला कट होतो, ऑफिस सोमवारी उघडतं. हे काहून असं?

---

फायबरभाऊ

@नंदनवनकर दोन्ही बरोबर. बिलिंग पॅनेलमध्ये संपण्याची वेळ बहुधा बदलता येते. मध्यरात्रीऐवजी दुपारी १२ ठेवली आणि शनिवार-रविवारी संपणारे प्लॅन सोमवारवर ढकलले की रविवार सकाळचे निम्मे फोन कमी होतात. पेन्शनवर चालणाऱ्या घरांची तारीख एकदाच बदलून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणा. वसुलीच्या पोराच्या चार फेऱ्या वाचतात.

---

कागद_पक्का

अभ्यासिकेबद्दल. 'घ्या पासवर्ड, लिहा भिंतीवर' असं करू नका. कनेक्शन ज्याच्या नावावर, त्याच्या माथी सगळं येतं. कोणी त्या वायफायवरून काही उपद्व्याप केला तर पोलीस आयपीवरून तुमच्याकडं आणि तुमच्याकडून अभ्यासिका चालवणाऱ्या बिचाऱ्या संस्थेकडं येतील.

सरळ मार्ग पीएम-वाणीचा, म्हणजे सरकारच्या सार्वजनिक वायफायचा आहे. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली योजना. अभ्यासिका पीडीओ, म्हणजे वायफाय चालवणारं ठिकाण होते, त्यासाठी तिला लायसन्स किंवा नोंदणी लागत नाही. एखाद्या नोंदणीकृत पीडीओए, म्हणजे अनेक पीडीओंचा कारभार बघणाऱ्या कंपनीशी जोडून घ्यायचं, पोरं ॲपमधून मोबाईल क्रमांक आणि ओटीपीने शिरतात, नोंदी पीडीओएकडं राहतात. फुकट ठेवायचं की दिवसाला पाच रुपये, ते तुम्ही ठरवा. जून २०२५ च्या ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) आदेशानं पीडीओला २०० एमबीपीएसपर्यंतचं फायबर कनेक्शन घरगुती दराच्या दुपटीपेक्षा महाग देता येत नाही. तुम्ही फुकट देणार असाल तर हा प्रश्न नाही, पण आयएसपीने 'व्यावसायिक दर लावा' म्हटलं तर हे दाखवा.

हिशेब: ४० खुर्च्यांची अभ्यासिका, एमपीएससीची पोरं ४८० पीमध्ये लेक्चर बघतात, एकाला दीड एमबीपीएस पुरतात. सगळे एकदम बसले तरी ६०. म्हणजे १०० एमबीपीएस भरपूर, प्रत्येकाला ४ ची मर्यादा घाला. घरगुती राऊटर मात्र वीस-पंचवीस मोबाईलवर दम तोडतो. खोलीच्या दोन टोकांना छतावर दोन ड्युअल बँड ॲक्सेस पॉइंट लावा, वेगवेगळ्या चॅनलवर.

तुमच्या स्वतःच्या कागदांचं: एलसीओची नोंदणी जानेवारी २०२५ पासून पोस्टात होत नाही. माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर होते, पाच वर्षांसाठी, शुल्क ५,००० रुपये. तिची प्रत ऑफिसात लावा. मोठ्या कंपनीचा सेल्समन 'हे बेकायदा चालतं' म्हणून सांगत फिरतो, त्याला भिंतीवरचं उत्तर बरं.

तक्रारीला क्रमांक द्या, तोंडी 'बघतो' नको. केबलची तक्रार एमएसओच्या (तुम्हाला चॅनल पुरवणाऱ्या कंपनीच्या) आणि नेटची आयएसपीच्या यंत्रणेत नोंदवली गेली पाहिजे. ब्रॉडबँडच्या ग्राहकाला कॉल सेंटरच्या उत्तरावर समाधान नसेल तर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडं जाता येतं, हे बिलावर छापा. ज्याला वर जायचा रस्ता माहीत असतो तो ग्रुपवर शिव्या घालत बसत नाही. केबलच्या बिलात एनसीएफ (चॅनलच्या किमतीखेरीज नेटवर्कचा आकार) वेगळा दाखवा. ट्रायच्या २०२४ च्या दुरुस्तीनं त्याची १३० आणि १६० रुपयांची मर्यादा काढली, त्यामुळे दोन एमएसओंचे आकडे सारखे नसतात आणि लोक 'शेजारच्याला कमी, मला जास्त का' विचारतात. उत्तर वसुलीच्या पोराला पाठ हवं. जीएसटी १८ टक्के धरूनच किंमत सांगा. ४९९ म्हणून ५८९ घेणं हा भांडणाचा सगळ्यात जुना मुहूर्त आहे.

---

मानेवाडा_नेट

खूप कामाचं मिळालं. मंडळांना कॅमेऱ्यांचं नेट हे या वर्षीच करतो. दिवस वाढवून देण्याचं कोणी बोललं नाही.

---

फायबरभाऊ

द्या, पण मागायची वाट बघू नका. हिशेब करून बघा: ५०० चा प्लॅन, दिवसाला १६.६७. शंभर घरं दोन दिवस बंद राहिली तर सगळे मिळून ३,३३३ रुपये. त्यातली दोन घरं जरी गेली तरी वर्षाला १२,००० ची वसुली गेली, शिवाय ओएनयू काढून आणायला माणूस.

सवय लागते ती मागणाऱ्याला देण्याने. भांडणाऱ्याला चार दिवस आणि गप्प बसणाऱ्याला शून्य, हे गल्लीत दुसऱ्या दिवशी कळतं. म्हणून नियम ठरवा: सलग २४ तासांपेक्षा जास्त बंद, की पहिल्यासकट बंदच्या प्रत्येक दिवसाला (अर्धा असला तरी) एक दिवस, त्या स्प्लिटरवरच्या सगळ्यांना. ओएलटीच्या लॉगमधून वेळ घ्या, पॅनेलमध्ये त्या स्प्लिटरचा गट निवडून मुदत वाढवा आणि एक ओळ पाठवा: '१२ आणि १३ तारखेच्या बंदबद्दल २ दिवस वाढवले, नवी मुदत अमुक.' ग्राहकांचे गट स्प्लिटरप्रमाणे पॅनेलमध्ये नसतील तर हे काम हाताने होतं आणि दुसऱ्या वेळी कोणी करत नाही. आधी ते गट बनवा. आयएसपी आपल्या वाट्याचे दिवस देतो का हे करारात बघून घ्या. फीडर त्यांच्या बाजूला तुटला असेल तर भार त्यांचा.

ग्राहकाच्याच चुकीने तुटलं, गच्चीवर पतंग उडवताना ड्रॉप ओढला वगैरे, तर दिवस नाहीत, पण पहिली दुरुस्ती फुकट.

---

इतवारी_लाईन

पतंगावरून आठवलं. संक्रांतीनंतर लगेच मांजा काढायला एक पूर्ण दिवस ठेवा. नायलॉन मांजावर बंदी आहे तरी केबलीवर तोच गुंतलेला सापडतो, आणि खाली लोंबणारं टोक कोणाच्या तरी गळ्याला लागतं. खालून ओढायचा नाही, केबलची साल कापते आणि उन्हाळ्यात तिथून खार कुरतडायला सुरुवात करते. शिडीवरून दोन्ही बाजूंनी कापून काढायचा. हातमोजे जाड. पोत्यात भरून महापालिकेच्या कचरा गाडीत द्या, रस्त्यावर टाकू नका, पाखरं अडकतात. त्याच फेरीत प्रत्येक क्रॉसिंगवर तुमच्या नावाची आणि फोनची प्लास्टिकची पट्टी बांधून या. केबल लोंबताना दिसली की लोक त्या नंबरवर फोन करतील.